कमी बजेटचा हॉरर करताय? जुन्या दिग्दर्शकांकडून नक्की काय उचलायचं आणि कोणत्या क्रमाने

लाल लाइट लावला, धूर सोडला, मागे सिंथ (सिंथेसायझर) वाजवत ठेवला आणि कॅमेरा हळूहळू दाराकडे नेला की झाला आपला हॉरर, असं समजून केलेल्या शॉर्टफिल्म्सचा नुसता पूर आलाय आणि त्यात भीती सोडून सगळं असतं. बनवणाऱ्यांनी जुने पिक्चर मन लावून बघितलेत हे दिसतं, नाही असं नाही, पण उचललंय काय तर वरचा रंग. गोची अशी आहे की हिचकॉक, टूर्नर, बावा, रोमेरो, कार्पेंटर, रेमी या मंडळींच्या ज्या आयडिया आपण ढापतो त्यातल्या बऱ्याचशा मुळात पैसे नसण्यावर, वेळ नसण्यावर किंवा सामान नसण्यावर काढलेला तोडगा होत्या. तोडगा उचलायचा असतो, शॉट नाही. तो कसा उचलायचा त्याचा क्रम खाली दिलाय. टप्पे ३ आणि ४ होईपर्यंत कॅमेरा बॅगेतून काढू नका, बहुतेकांची गाडी तिथेच घसरते.

टप्पा १: आपल्याकडे काय नाही ते लिहून काढा

काय आहे ते नंतर. आधी काय नाही. कागद घ्या आणि लिहा: किती खोल्या मिळणार, रात्रीचे किती तास शूट करता येणार, लाइट किती, माणसं किती (कॅमेऱ्यामागची पण मोजा), भूत किंवा राक्षस दाखवायची ऐपत आहे का, आवाज रेकॉर्ड करायला काय आहे. मग त्या जागेवर रात्री जा, सगळे दिवे बंद करा आणि बाहेरून खिडकीतून जेवढा उजेड येतो तेवढ्यात मोबाइलवर फोटो काढा. तिथेच उभं राहून दोनेक मिनिटं नुसता आवाज रेकॉर्ड करा. फ्रीजची घरघर, वरच्या मजल्यावरची खुर्ची, पाण्याचा पाइप, जे काय असेल ते. हे रेकॉर्डिंग पुढे टप्पा ७ मध्ये लागणार आहे, डिलीट करू नका.

तपासा: यादीत सगळ्यात वर "चांगला कॅमेरा नाही" असं असेल तर यादी परत लिहा. रोमेरोने १९६८ चा नाइट ऑफ द लिव्हिंग डेड ब्लॅक अँड व्हाइटमध्ये केला, टोबी हूपर आणि सॅम रेमी दोघांचे गाजलेले पिक्चर १६ एमएमवर, म्हणजे अरुंद, स्वस्तातल्या फिल्मवर शूट झाले. कॅमेरा ही तुमची अडचण नाही.

टप्पा २: कमतरता बघून दिग्दर्शक निवडा, आवड बघून नाही

इथे जवळजवळ सगळे उलटं करतात. आवडता दिग्दर्शक आधी ठरतो आणि मग त्याच्यासारखं दिसावं म्हणून धडपड चालू होते. यादी समोर ठेवा आणि त्यावरून ठरवा.

भूत दाखवायला पैसे नाहीत? मग जाक टूर्नर आणि त्याचा निर्माता व्हॅल ल्यूटन. १९४२ चा कॅट पीपल. बजेट इतकं तुटपुंजं की दुसऱ्या पिक्चरचे उरलेले सेट वापरले, आणि धोका बहुतेक वेळ सावलीत आणि आवाजात ठेवला. याच शाळेतून आलेला रॉबर्ट वाइज, ज्याला दिग्दर्शनाची पहिली संधीच ल्यूटनने दिली, त्याने १९६३ मध्ये द हॉन्टिंगमध्ये एकही भूत न दाखवता नुसतं दार आतल्या बाजूला फुगवून लोकांना घाबरवलं.

सेट नाही, भिंती रिकाम्या? मारिओ बावा. १९६५ च्या प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्समध्ये अख्खा परग्रह उभा केला तो मूठभर खडक, भरपूर धूर, रंगीत लाइट आणि आरशांच्या जिवावर. त्याचे रंग सगळे उचलतात, पण रंग तिथे कशाला होते तर मागे काहीच नाही हे झाकायला. तुमच्या मागे छान जुनी भिंत असेल तर बावाचे रंग लावून ती कशाला मारता?

एकच घर आणि चार-पाच नट? रोमेरो. धोका बाहेर, भांडण आत. झॉम्बी थोडे कमी दिसले तरी चालतात कारण खरा ताण घरातल्या माणसांचा आहे.

ट्रॉली, क्रेन नाही? द ईव्हिल डेडवाला सॅम रेमी, ज्याने कॅमेरा फळीला बांधून पळवला. रक्त, मेकअप जमत नाही? टोबी हूपर, १९७४ चा टेक्सास चेन सॉ मॅसकर. लोकांना आठवतं त्यापेक्षा त्यात रक्त खूपच कमी आहे, मुलीला हुकवर टांगतात तो सीन परत बघा, हुक शरीरात जाताना दाखवलेलाच नाही. आणि साधी वस्ती, साधे रस्ते, दिवसाचं शूट एवढंच हाताशी असेल तर जॉन कार्पेंटर, १९७८ चा हॅलोविन, जो साधारण ३ लाख डॉलरमध्ये उरकला.

एक मुख्य, फार तर एक जोडीला. बस.

सावधान: बावाचा रंग, कार्पेंटरचा सिंथ, हिचकॉकची चाकूवाली एडिटिंग आणि रेमीचा धावता कॅमेरा हे सगळं दहा मिनिटांत कोंबलं की ती फिल्म राहत नाही, शोरील (नुसती कसब दाखवणारी झलक) होतं. विशेषतः हिचकॉकच्या सायकोमधल्या शॉवर सीनच्या, म्हणजे बाथरूममधल्या चाकूच्या खुनाच्या नादी लागू नका. पडद्यावर तो जेमतेम पाऊण मिनिटाचा, पण त्याला जवळपास आठवडा लागला होता. तुमचं अख्खं शेड्यूल तेवढं नसतं.

टप्पा ३: एकच सीन तीनदा बघा, तीन वेगळ्या पद्धतीने

अख्खा पिक्चर बघून "फील" घेऊ नका. एक सीन निवडा, दोन-तीन मिनिटांचा. पहिल्यांदा आवाज बंद करून. दुसऱ्यांदा डोळे मिटून, नुसता आवाज. तिसऱ्यांदा पॉज करत करत, हातात वही, प्रत्येक शॉटची एक ओळ: काय दिसतंय, किती सेकंद, आणि सगळ्यात महत्त्वाचं, या शॉटमध्ये प्रेक्षकाला नवीन काय कळलं. ही शेवटची गोष्ट लोक लिहितच नाहीत. लेन्स कुठली आणि कॅमेरा किती उंच हे लिहितात, आणि वही भरते पण हातात काही लागत नाही.

कॅट पीपलमधला रात्री बाई एकटी चालत जाते तो सीन घेऊन करून बघा, कारण कमी पैशाच्या हॉररची बाराखडी त्यात आहे. आवाज बंद करून बघितला तर जवळजवळ काहीच घडत नाही. रस्त्याचे दिवे, दिव्यांच्या मध्ये काळोखाचे पट्टे, चालणारे पाय, मागे दुसऱ्या बाईचे पाय. एवढंच. डोळे मिटून ऐकलात की खरा सीन सापडतो. संगीत नाही. टाचांचा आवाज येतोय, मागे दुसऱ्या टाचा, आणि एका क्षणी मागच्या टाचा थांबतात. आवाज वाढत नाही, थांबतो! पुढची बाई हळूहळू वेग वाढवते, मागे बघते, कोणी नाही, पळायला लागते, आणि एकदम फिस्सकन मोठा आवाज येतो जो जनावराचा वाटतो आणि निघते ती बस, स्टॉपवर येऊन थांबलेली.

आता वहीत काय लिहायचं? "बस अचानक येते, जंप स्केअर" (म्हणजे एकदम दचकवणं) असं लिहिलंत तर सगळं वाया. लिहायचं असं: मागे कोणीतरी आहे हे आवाजाने कळलं, आवाज थांबल्यावर ते कुठे आहे हे कळेनासं झालं, म्हणून प्रेक्षक स्वतःच काळोखाचे कोपरे शोधायला लागला, मग खोट्या धक्क्याने तो ताण फोडला, पण धोका होता तिथेच राहिला. बसची पाळी शेवटी येते. त्याआधीचा टाचा थांबण्याचा क्षण हा खरा माल आहे, आणि त्याला खर्च शून्य.

तपासा: तुमच्या वहीत "माहितीचा" रकाना निम्म्याहून जास्त रिकामा असेल तर चौथ्यांदा बघा. कंटाळा येईल, येऊ द्या.

टप्पा ४: कारण एका वाक्यात लिहा

वाक्याचा साचा ठरलेला ठेवा: "प्रेक्षकाला अमुक माहीत आहे, पात्राला तमुक माहीत आहे, म्हणून भीती वाटते." हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण द्यायचा ते हेच. बॉम्ब अचानक फुटला तर काही सेकंदांचा धक्का, पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी कळलं आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारत बसली तर तीच फालतू गप्पा जीव खाते. पैसे दोन्हीला सारखेच, उलट दुसऱ्यात कमी, कारण बॉम्ब फुटताना दाखवायची गरजच पडेलसं नाही.

चुकीचं वाक्य: "कार्पेंटरसारखा लांब, संथ शॉट घ्यायचा." बरोबर वाक्य: "मुखवटेवाला खुनी मागे उभा आहे हे प्रेक्षकाला दिसतं, मुलीला दिसत नाही, आणि मुलगी पाठ करून बसली आहे."

चुकीचं: "रेमीसारखा जमिनीलगत धावणारा कॅमेरा." बरोबर: "जे धावतंय ते प्रेक्षकाला कधीच दिसत नाही, फक्त त्याच्या डोळ्यांनी घर जवळ येताना दिसतं."

दुसऱ्या उदाहरणात बघा, ते वाक्य लिहिलं की पुढचा नियम आपोआप निघतो: धावणाऱ्या कॅमेऱ्यानंतर उलटा शॉट, म्हणजे जे धावतंय ते समोरून दाखवणारा शॉट, घ्यायचा नाही. शंभरातले नव्वद लोक घेतात, आणि तिथे पावडर फासलेला एक मित्र उभा असतो.

सावधान: वाक्यात लेन्स, लाइट, रंग, संगीत यातला एकही शब्द आला तर ते कारण नाही, ती सजावट आहे. खोडा आणि परत लिहा.

टप्पा ५: ते कारण आपल्या जागेत बसवा

आता पहिल्या टप्प्यातले फोटो काढा. समजा हातात दोन खोल्यांचं घर आहे, मध्ये पॅसेज, टोकाला बाथरूमचं दार. कार्पेंटरचं वरचं वाक्य घेतलंय. रुंद रस्ता नाही, हिरवळ नाही, काही नाही, चालतंय.

मुलगी पुढच्या खोलीत जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालतेय. कॅमेरा ट्रायपॉडवर, तिला फ्रेमच्या एका बाजूला ठेवा आणि उरलेली फ्रेम पॅसेजला द्या. ही रिकामी जागा म्हणजे तुमचा सेट. हॅलोविन रुंद फ्रेममध्ये शूट करण्यामागे हाच हिशोब होता, पात्राच्या बाजूला नजर भिरभिरायला जागा उरते. मग पहिल्या वेळी पॅसेज रिकामा दाखवा, पुरेसा वेळ, प्रेक्षकाला दार कुठे आहे ते पाठ होईपर्यंत. दुसऱ्या वेळी सगळं तेच, फ्रेम तीच, पण दार अर्धवट उघडं. काही बोलू नका, क्लोज-अप नको, संगीत नको. तिसऱ्या वेळी त्या अर्धवट दारात काहीतरी आहे, पण उजेड इतका कमी की आहे की नाही ते कळू नये. मग उजेड एकदम न लावता हळूहळू वाढवा. हॅलोविनमध्ये मुलीच्या मागच्या काळोख्या दारातून तो पांढरा मुखवटा जसा उमटत येतो ते डीन कंडी या कॅमेरामनने डिमरवर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) लावलेल्या एका छोट्या लाइटने केलंय. डिमर नसेल तर मोबाइलचा टॉर्च जाड कापडामागे धरून एका माणसाने इंचाइंचाने कापड सरकवायचं, ते पण चालतं. रिहर्सल मात्र करा, कारण हात थरथरला की उजेड थरथरतो आणि लगेच कळतं.

मुखवट्याचा विषय निघालाय म्हणून: तो मुखवटा म्हणजे दुकानातून आणलेला स्टार ट्रेकमधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा, पांढरा रंगवलेला. त्याची नक्कल करून दुसरा पांढरा मुखवटा आणू नका. त्यांनी स्वस्तातली ओळखीची वस्तू घेऊन तिची ओळख पुसली, तुम्ही तुमच्या घरातली दुसरी एखादी वस्तू घ्या आणि तिचं तेच करा.

रेमीचा कॅमेरा हवा असेल तर त्याच्यासारखीच फळी घ्या. एका लाकडी पट्टीच्या मधोमध कॅमेरा पक्का बांधून दोन माणसं दोन टोकं धरून पळायची. लांब पट्टीमुळे मधले हिसके कमी होतात, वाइड लेन्समुळे उरलेले झाकले जातात. गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारं यंत्र) असेल तरी आधी फळी वापरून बघा, गिंबलची चाल फार गुळगुळीत असते, लग्नाच्या व्हिडिओसारखी, त्यात हिंस्रपणा येत नाही.

तपासा: सगळा सीन मोबाइलवर, घरच्याच माणसाला उभं करून, नेहमीच्या लाइटमध्ये शूट करा आणि कच्चा जोडून बघा. या रूपात थोडीसुद्धा अस्वस्थता वाटली नाही तर चांगल्या लाइटने वाटणार नाही. मागे जा, टप्पा ४.

टप्पा ६: शूटचा क्रम

हे पटकन. आधी रिकाम्या जागेचे शॉट घ्या, नट मेकअप करत असताना. मग रुंद फ्रेमचे सगळे, एकाच ट्रायपॉड जागेवरून, कॅमेरा न हलवता (रिकामा पॅसेज, अर्धं दार, दारातला माणूस हे तिन्ही एकाच फ्रेममध्ये जुळले पाहिजेत, म्हणून ट्रायपॉडच्या पायांना जमिनीवर टेपने खुणा करा). मग क्लोज-अप. रक्त, पाणी, माती, जे काय घाण करणारं असेल ते सगळ्यात शेवटी, कारण एकदा शर्ट भिजला की दुसरा नसतो. ब्लॅक अँड व्हाइट करत असाल तर खोट्या रक्ताच्या भानगडीत न पडता चॉकलेट सिरप वापरा, सायकोमध्ये आणि नाइट ऑफ द लिव्हिंग डेडमध्ये तेच आहे.

आणि पावलं, दाराची कडी, श्वास हे आवाज तिथेच, त्याच फरशीवर वेगळे रेकॉर्ड करून घ्या. "नेटवरून साउंड टाकू" म्हणणाऱ्याला सेटवरून घरी पाठवा.

टप्पा ७: एडिट आधी मुका, मग आवाज, मग संगीत

पहिला कट पूर्ण मुका लावा. माहितीचा क्रम नुसत्या चित्रांनी कळतोय का एवढंच बघायचं. मग पहिल्या टप्प्यात रेकॉर्ड केलेला खोलीचा आवाज खाली अंथरा, त्यावर पावलं आणि दारं. संगीत सगळ्यात शेवटी. आता इथे कोणी म्हणेल की कार्पेंटरनेच सांगितलंय, हॅलोविन संगीत आणि इफेक्टशिवाय एका स्टुडिओच्या बाईंना दाखवला तर त्यांना अजिबात भीती वाटली नाही, आणि पाच मात्रांच्या लयीतलं ते पियानोचं संगीत आल्यावर पिक्चर उभा राहिला. खरं आहे. पण त्यातून लोक काढतात तो अर्थ चुकीचा आहे. त्याच्याकडे चित्रांचा क्रम आधीच चोख होता. तुमचा नसेल तर संगीत फक्त इतकंच सांगेल की "आता घाबरा", आणि प्रेक्षक असं सांगितलेलं ऐकत नाही.

हिचकॉकला शॉवर सीन आधी संगीताशिवाय हवा होता, संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही लिहिलं, आणि ऐकून हिचकॉकने मत बदललं. म्हणजे काय करायचं, दोन्ही लावून बघायचं. प्रत्येक मोठ्या क्षणाला एकदा संगीतासकट आणि एकदा अजिबात शांत, आणि कुठलं चांगलं ते दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने ठरवायचं, रात्री दोनला नाही.

सावधान: एडिट करताना तात्पुरतं म्हणून जुन्या पिक्चरचं संगीत टाइमलाइनवर ठेवू नका. दहा वेळा ऐकलं की कान त्यालाच चिकटतो, मग संगीतकाराला "असंच पण वेगळं" सांगितलं जातं आणि जे येतं ते स्वस्त नक्कल असते.

जंप स्केअर मोजा. खोटा धक्का (मांजर, मित्र, बस) अख्ख्या शॉर्टफिल्ममध्ये एकदा चालतो. दुसऱ्यांदा प्रेक्षक हसतो, तिसऱ्यांदा मोबाइल काढतो.

टप्पा ८: कायद्याची चाळणी

पद्धत, कोन, लाइट लावायची रीत, ताण वाढवायचा क्रम हे कोणाच्या मालकीचं नसतं. संगीत, संवाद, पात्र, ओळखू येणारा मुखवटा, मूळ फुटेज यांना मालक असतो. १९२२ च्या नोस्फेराटूने ड्रॅक्युलाची गोष्ट नावं बदलून, परवानगी न घेता वापरली, लेखकाच्या पत्नीने खटला भरला आणि सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम निघाला. काही प्रती वाचल्या म्हणून आपण तो बघू शकतो. नावं बदलली म्हणजे सुटलो असं नसतं.

नाइट ऑफ द लिव्हिंग डेडची गोष्ट उलटी. टायटल बदलताना कॉपीराइटची नोटीस टाकायची राहिली आणि अमेरिकेत तो पिक्चर सगळ्यांसाठी मोकळा झाला, म्हणून टीव्हीवर चालू असलेला जुना हॉरर दाखवायचा असतो तेव्हा इतक्या पिक्चरमध्ये तोच दिसतो. पण एक मोकळा आहे म्हणून जुने सगळे मोकळे असं धरू नका, प्रत्येकाचं वेगळं तपासा, आणि नोटीस वगैरे तुमच्या स्वतःच्या फिल्मवर आठवणीने टाका.

टप्पा ९: ज्याने मूळ पिक्चर बघितला नाही त्याला दाखवा

फिल्मवाल्या मित्रांना दाखवलंत तर ते "अरे, हा तर हॅलोविन!" म्हणून खूश होतात आणि तुम्हाला वाटतं जमलं. ओळखल्याचा आनंद आणि भीती एका वेळी होत नाहीत. म्हणून चार-पाच अशी माणसं बोलवा ज्यांना हॉररचं फार काही माहीत नाही, दिवे बंद करा, आणि तुम्ही पडद्याकडे पाठ करून त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत बसा. वेळ लिहून ठेवा: कुठे हलले, कुठे बाजूच्याकडे बघितलं, कुठे जांभई. नंतर "आवडलं का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा की अर्धं दार उघडलेलं कोणाच्या लक्षात आलं होतं. निम्म्यांच्या लक्षात आलं नसेल तर रिकाम्या पॅसेजचा शॉट दोन सेकंदांनी वाढवा. सगळ्यांच्याच लगेच लक्षात आलं असेल तर दार कमी उघडून तेवढा एक शॉट परत घ्या. टेपच्या खुणा म्हणूनच एवढ्यात काढायच्या नसतात.